चौसष्टवर ठेव

बेंपाने हाम्बुर्गला लाथ मारली ती बिरागोच्या डोळ्यांदेखत. लाथ तशी जोराची नव्हती, स्टुडिओतल्या त्या यंत्राला पोचासुद्धा आला नाही. पण बिरागोच्या बापाला, स्टुडिओवाल्या मास्टर अम्पोफोला, जाऊन वर्ष झालं म्हणून त्या शनिवारी सगळं कूळ अंगणात जमलं होतं, आणि पन्नास माणसांसमोर त्याने ती मारली.

"हा डबा उचला रे इथनं," तो हातगाडीवाल्यांना म्हणाला. "सुआमेला भंगारात टाका."

"चालतो तो, बेंपा," बिरागो म्हणाली.

"चालतेस तर तूही. म्हणून काय तुलाही स्टुडिओत ठेवून घेऊ?"

पन्नासातली चाळीस माणसं हसली. टिवा आत्या, म्हणजे बेंपाची आई, सगळ्यांत मोठ्याने हसली. बिरागोने एकेक चेहरा बघून ठेवला. त्या दिवशी तिने बेंपावर डूख धरला. ही बाई विसरणाऱ्यांतली नव्हती. तिसरीत असताना जिने तिची चप्पल नाल्यात टाकली होती, तिच्याशी बिरागो पस्तिशीतही बोलत नव्हती.

आता, बेंपाने चोरी केली असं कोणी म्हणू शकत नव्हतं. असांते लोकांत माणूस मेला की त्याच्या मागचं त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जातं, कारण रक्त आईकडून येतं आणि मालमत्ता रक्तामागे जाते. हल्ली मुलांनाही वाटा देणारा कायदा झाला आहे, त्या कायद्याने बिरागोला घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्याही. पण स्टुडिओ गेला कुळाकडे, आणि कुळाने पूर्वजांच्या नावाने दारूचे चार थेंब जमिनीवर सांडून तो बेंपाच्या हातात ठेवला. ज्याने आयुष्यात एकदाही मास्टरच्या माइकवरची धूळ पुसली नव्हती, त्याच्या हातात. धूळ पुसली होती बिरागोने, एकोणीस वर्षं.

सोळाव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा बाप तिला म्हणाला होता, "शिवणकाम शीक नाहीतर आवाज शीक, रिकामी बसू नकोस." तिने दोन्ही शिकून घेतलं. सकाळी शिलाई, दुपारनंतर स्टुडिओ. बाप शिकवायचा ते डोळे बांधून. खरंच, तिच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा आणि अंगणात माणसं उभी करून विचारायचा: कोण किती लांब, कोणाचं तोंड कुठे, कोणाच्या हातात काय. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभराने ती ऐकून सांगू लागली की तिसऱ्या ढोलाचं कातडं ओल धरून आहे. त्यांच्या असाफो मोहल्ल्यातले वादक तिला "कानवाली" म्हणू लागले, पहिल्यांदा चेष्टेने आणि नंतर गरजेने.

हाम्बुर्ग आलं ते नंतर, अठ्ठ्याण्णवला. मास्टर तरुणपणी त्या नावाच्या शहरात बंदरावर हमाली करून आला होता, तिथल्या एका मित्राने बंद पडलेल्या स्टुडिओतलं डिजिटल यंत्र जहाजात टाकून पाठवलं. टेबलाएवढं, करड्या रंगाचं, बारा माणसांनी उचलायचं. त्याच्या पोटात आवाजाचं काम करणाऱ्या चकत्या, म्हणजे चिप होत्या, आणि त्यांना जन्मात दुसरं काही येत नव्हतं. पत्र लिहिता येत नव्हतं, पत्ते खेळता येत नव्हते, चित्र दाखवता येत नव्हतं. आवाज घ्यायचा, नीट करायचा, ठेवायचा. गाणारी माइकसमोर तोंड उघडायची आणि त्याच श्वासात तिचा आवाज तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये असायचा. सोळा माइक लावा की एक, यंत्राला घाम फुटायचा नाही. मास्टर म्हणायचा, हा माझा एकमेव कामगार जो कामावर असताना फक्त काम करतो.

बेंपाने त्याच्या जागी कॉम्प्युटर आणला. राजधानीतून, आक्राहून, काचेच्या झाकणाचा, आत निळा दिवा लागणारा. प्रोग्रॅम सगळे चोरीचे, सीडीवर पेनाने नावं लिहिलेली.

बिरागो त्या शनिवारी हातगाडीच्या मागून चालत सुआमेपर्यंत गेली. अंगावर काळे कपडे, पायात घरच्या चपला. मेलेले ट्रक कापणाऱ्या माणसांच्या त्या वस्तीत भंगारवाल्याने यंत्राभोवती एक फेरी मारली, दोनदा थुंकला आणि म्हणाला, "ह्यात तांबं फार आहे, बाई. मी देत नाही."

"माझं शिवणयंत्र घे. पायाचं आहे, इंग्रजी, बापाने दिलेलं."

"मग शिवशील कशावर?"

"तो माझा प्रश्न."

असं ते यंत्र तिच्या मागच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत आलं. गाडीवरून आदळून त्याचा वीज देणारा भाग जळाला होता. तो ट्रकच्या बॅटऱ्यांचं काम करणाऱ्या एका सुआमेच्या मिस्त्रीने तीन आठवडे खपून उभा केला. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा बिरागोने यंत्राच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "आता बघू." खोलीत ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हणाली.

बेंपाचं मात्र झकास चाललं, हे सांगायला हवं. बिरागोलाही ते कबूल करावं लागे. तालावर बोलणारी नव्या जमान्याची पोरं रांगा लावून येत. बेंपा त्यांचा आवाज कापी, चिकटवी, सूर सरळ करी, एकच ओळ दहादा वापरी. हाम्बुर्गला हे काही येत नव्हतं. कॉम्प्युटरला ऐकवायला जरा उशीर होई, पण ती पोरं एका कानावरचा हेडफोन सरकवून गात, त्यांना त्याची सवय होती. एका वेळी एक आवाज, त्यात काय बिघडणार? बिरागोकडे मात्र चर्चचे गायक येत, सगळे एकदम गाणारे, आणि मोबदल्यात कधी रताळी देणारे. रस्त्यात भेटला की बेंपा गाडीची काच खाली करून विचारी, "काय कानवाली, डबा जिवंत आहे का?" ती हसून हात हलवी. घरी येऊन भांडी अशी घासी की शेजारीण विचारी, कोणाचं डोकं घासतेस?

दोन वर्षं गेली अशी. मग अब्रेमासोचं काम आलं.

अब्रेमासोच्या ओहेनेला, म्हणजे तिथल्या राजाला, गादीवर बसून पंचवीस वर्षं होत होती. राजवाड्याने ठरवलं की पूर्वजांची नामावळी एकदा कायमची रेकॉर्ड करायची. ती नामावळी तोंडाने म्हणत नाहीत, जोडढोलांवर बोलतात. पहिल्या पूर्वजापासून आजच्या राजापर्यंत, चाळीस मिनिटं, मागे हस्तिदंती तुताऱ्या आणि गाणाऱ्या म्हाताऱ्या बायका. आणि ती ढोलावर बोलणारा, पेप्रा, सत्तर पार केलेला, मास्टर अम्पोफोचा जिवलग. लहानपणी बिरागोला त्याने खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. ती त्याला नाना म्हणायची.

नामावळीला एकच नियम: मध्ये थांबायचं नाही. पूर्वजाचं नाव अर्धं वाजवून वादक थांबला तर तो पूर्वज अर्ध्या वाटेत अडकला, असं धरतात. मग त्याच्यासाठी मेंढी कापावी लागते, आणि वादकाच्या हातातल्या काठ्या काढून घेतात. पेप्राच्या हातून एक्केचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

राजवाड्याने काम दिलं बेंपाला. निळा दिवा बघून दिलं, दुसरं काय! बेंपा राजाच्या लोकांसमोर काम घेतल्याची दारू प्यायला आणि मोठ्या सणाच्या आधी रेकॉर्डिंग हातात ठेवीन, असा शब्द देऊन बसला.

आठवड्याभराने टिवा आत्या बिरागोच्या दारात आली. हातात पानात बांधलेले वाकिए, म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, वर उकडलेली अंडी. दोन वर्षांत आत्या प्रथमच त्या मागच्या खोल्यांकडे फिरकली होती.

"खा गं पोरी, वाळलीस किती."

"काय काम आहे, आत्या?"

"काम असल्याशिवाय येऊ नये का? ... पेप्रा म्हाताऱ्याला स्टुडिओत नेऊन बघितलं. वाजवीना. म्हणतो, माझ्यामागे कोणीतरी बसून तेच वाजवतंय. घाबरला गं तो. काठ्या खाली ठेवून उठला. बेंपाला काही कळेना. आता तू मास्टरकडे शिकलीस..."

बिरागोने अंडं सोललं. तिला एका वाक्यातच सगळं कळलं होतं. बेंपाने वेगवेगळ्या खोल्या ठरवल्या होत्या, ढोल एका खोलीत, बायका दुसऱ्या, तुताऱ्या तिसऱ्या, आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. म्हणजे सगळ्यांना एकमेकांचं हेडफोनमधूनच ऐकणं भाग होतं. आणि कॉम्प्युटर आवाज लगेच पानात वाढत नाही. तो आधी वाटीभर साठवतो, मग गाळतो, मग वाढतो. वाटी मोठी असली की आवाज उशिरा कानात पडतो. जोडढोल वाजवणाऱ्याला स्वतःचाच ढोल जरासा उशिरा ऐकू आला तर त्याला मागे भूत बसल्यासारखं वाटणारच.

वाटी लहान करता येते. पण लहान वाटी सारखी भरावी लागते, आणि कॉम्प्युटरला दुसरी शंभर कामं असतात. एक-दोन माइक असले तर तो निभावतो. सोळा माइक आणि वर बायकांच्या आवाजाला घुमारा लावलेला, म्हणजे त्याला धाप लागते. आधी तडतडतो आणि मग मटकन बसतो.

हे सगळं बिरागोला ठाऊक होतं. तिने अंडं मीठ लावून खाल्लं.

"त्याला सांग, वाटी... म्हणजे तो जो आकडा आहे ना, हजार चोवीस, तो चौसष्टवर ठेव. भूत पळेल."

"एवढंच?"

"एवढंच."

आत्या गेली. बिरागो उरलेलं वाकिए खात राहिली आणि तिला ते फार गोड लागलं. खोटं ती काही बोलली नव्हती. चौसष्टवर भूत पळतंच. दोन दिवसांनी आत्याने निरोप पाठवला, की पेप्रा एका ढोलावर, दोन माइकांवर वाजवून खूश होऊन गेला, आणि बेंपा म्हणतो की त्याला आधीच माहीत होतं.

"आधीच माहीत होतं म्हणे," बिरागो हाम्बुर्गला म्हणाली आणि खदखदून हसली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी ती अब्रेमासोला गेली. बोलावलं नव्हतं, पण राजवाड्याच्या अंगणात कोणालाही उभं राहता येतं. तिने चांगलं निळं कापड नेसलं, गळ्यात बापाने दिलेले मणी घातले. लग्नाला निघाल्यासारखी नटली होती. बायकांच्या घोळक्यात तिने अशी जागा धरली की व्हरांड्यात बसलेला बेंपा समोर दिसावा.

राजा छत्रीखाली बसला. त्याच्या वतीने बोलणारा, सोनेरी काठीवाला बुजुर्ग ड्वोमो, उठून म्हणाला, सुरू करा. व्हरांड्यामागच्या खोलीतून पेप्राचे ढोल बोलू लागले.

बिरागोला क्षणभर कशासाठी आलो त्याचा विसर पडला. असा वाजवत होता तो म्हातारा! पहिला पूर्वज आकाशातून साखळीवरून उतरला, दुसऱ्याने जंगल तोडलं, अंगणातल्या म्हाताऱ्या माणसांचे ओठ ढोलाबरोबर हलू लागले. मग तिसरा, ज्याने दुष्काळात माणसं घेऊन नदी ओलांडली. ढोलाने त्याला काठावरून पाण्यात उतरवलं, गुडघाभर, छातीभर.

व्हरांड्यात बेंपाने झटकन मान पुढे केली. त्याच्या हेडफोनमध्ये तडतड सुरू झाली होती, बिरागोला ती त्याच्या चेहऱ्यावर दिसली. त्याने एक कळ दाबली. दुसरी दाबली. मग त्याचे दोन्ही हात हवेतच राहिले. निळा दिवा होता तसाच लागलेला होता.

आणि ढोल थांबले.

अंगणात कोणी हललं नाही. मग एक म्हातारी किंचाळली, "नदीत सोडला! त्याला मध्य नदीत सोडला!" सगळं अंगण उठलं. बिरागोने कापडाचा पदर तोंडात कोंबला, कारण तिला हसू आवरत नव्हतं. बेंपाच्या कपाळावरून घाम गळत होता, गळ्यातली सोन्याची साखळी शर्टाला चिकटली होती. दोन वर्षं तिने हा चेहरा मनात रंगवला होता आणि खरा त्याहून छान होता.

ड्वोमोने काठी आपटून विचारलं, "काय झालं?"

बेंपा उठला. त्याने एकदा कॉम्प्युटरकडे बघितलं, एकदा खोलीच्या दाराकडे. "यंत्र ठीक आहे, बुजुर्ग," तो म्हणाला. "म्हातारबुवा थांबले. ते थांबले म्हणून मी बंद केलं."

बिरागोचं हसू पदरातच विझलं.

पेप्रा दारात येऊन उभा होता. हेडफोन मानेवर, काठ्या हातात. "कानात तडतडलं," तो म्हणाला. "पाण्याचा आवाज असतो तसं. मग बायका गप्प झाल्या, माझा ढोलही गप्प झाला. मला वाटलं, त्या पूर्वजानेच मला थांबवलं. मी... मी थांबलो." बायकांनी सांगितलं, आम्हाला ढोल ऐकू येईनासा झाला म्हणून आम्ही थांबलो. म्हणजे सगळ्यांच्या मते म्हाताराच थांबला. ड्वोमोने काठ्या मागितल्या. पेप्राने त्या दोन्ही हातांनी दिल्या, खाली बघत.

बिरागो तेव्हा बोलू शकली असती. नाही बोलली. ट्रोट्रोच्या, म्हणजे वडापच्या गाडीच्या, मागच्या बाकावर बसून घरी कुमासीला परतताना ती स्वतःला सांगत राहिली, बेंपाचं वाटोळं झालं, मेंढी म्हाताऱ्याची गेली तर जाऊ दे, त्याचे मुलगे आहेत द्यायला. मणी तिने गाडीतच काढले. गळ्याला काचत होते.

आठ दिवसांनी, दुपारी, बेंपा तिच्या दारात आला. एवढ्याचसाठी तिने दोन वर्षं काढली होती. हातात दारूची हिरवी बाटली, खांद्यावरचं कापड नम्रपणे कमरेशी उतरवलेलं, मान खाली. माफी मागायला येणारा माणूस असाच येतो, आणि एकटा येत नाही. त्याच्यासाठी शब्द टाकायला एखादा असा वडीलधारा आणतो ज्याला समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

बेंपाने पेप्राला आणलं होतं.

"पोरी," पेप्रा बसता बसता म्हणाला, "तुझा भाऊ अडचणीत आहे. राजवाड्याला शब्द देऊन बसला. सणाच्या आत रेकॉर्डिंग हवंय. आता माझा भाचा वाजवणार. तुझं ते बापाचं यंत्र घेऊन ये. बेंपाला पदरात घे. मी तुझ्या पाया पडतो."

"नाना, तुम्ही कशाला याच्यासाठी आलात?"

"माझ्यामुळेच झालं ना सगळं." त्याने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. त्यांना करायला काही नव्हतं. "म्हातारा झालो. मुलगे म्हणतात, वेळेवर थांबलात हेच बरं. रोज सकाळी नदीचा तो भाग मांडीवर वाजवून बघतो. तिथेच हात अडतो. आधी कधी अडत नव्हता."

बिरागोने बेंपाकडे बघितलं. ज्या माणसावर याने खापर फोडलं, त्याच माणसाला हा स्वतःसाठी भीक मागायला घेऊन आला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाम्बुर्गला मारलेली लाथ तिला आता खेळातली वाटली.

"बेंपा," ती म्हणाली, "आधी कोण थांबलं?"

"जाऊ दे ना आता, ताई..."

"ताई? लाथ मारताना मी कोण होते? कोण थांबलं आधी?"

बेंपा बाटलीवरचा कागद नखाने खरवडू लागला. पेप्राने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"तुझा कॉम्प्युटर बसला तरी तोवरचा आवाज आत राहतो," ती म्हणाली. "पुसलास का?"

"नाही."

"ऐकलास?"

त्याने बाटली या हातातून त्या हातात घेतली. म्हणजे ऐकला होता.

"तो घेऊन उद्या अब्रेमासोला यायचं. नाही आलास तर ही बाटली मी रस्त्यात फोडीन आणि कोणी फोडली, का फोडली, ते साऱ्या असाफोला ओरडून सांगेन."

"अगं पण तो आकडा तूच..." बेंपा दात खाऊन म्हणाला.

"माहीत आहे मला मी काय सांगितलं ते. ये उद्या."

दुसऱ्या दिवशी ओहेने छत्रीखाली, ड्वोमो काठी घेऊन शेजारी, आणि पेप्रा भिंतीला टेकून, परक्यासारखा. बेंपाने कॉम्प्युटर मांडला. बिरागोने आवाज मोठ्याने लावायला सांगितला. ढोल आले, पूर्वज पाण्यात उतरला. मग तडतड आली, तेलात पाणी पडावं तशी. एकदा, दोनदा, मग सलग. आणि त्या तडतडीत, तुकडे उडालेले असले तरी, ढोल चालू होते. गुडघाभर, छातीभर, आणि छातीच्या पुढे आणखी चार ठोके. मग एकदम काहीच नाही.

"थांबला असता तर आधी ढोल गेला असता आणि तडतड मागे राहिली असती," बिरागो म्हणाली. "इथे तडतड आधी आहे आणि ढोल तिच्यावरून चाललाय. यंत्र मेलं, बुजुर्ग. नाना वाजवतच होते."

अंगणात कुजबूज सुटली. पेप्रा भिंतीपासून सुटून सरळ उभा राहिला. त्याचा उजवा हात मांडीवर आपोआप हलू लागला.

ड्वोमोने बेंपाला विचारलं, "तू खोटं बोललास?"

बेंपा उसळला. "तिने सांगितलं होतं! चौसष्टवर ठेव म्हणून तिने माझ्या आईला सांगितलं! तिला ठाऊक होतं सोळा माइकांवर बसेल म्हणून. विचारा, विचारा तिला!"

सगळ्यांच्या माना बिरागोकडे वळल्या. तिने हे रात्रभर, सकाळभर घोकलं होतं. टिवा आत्या घोळक्यात होती, तिच्या चेहऱ्यावर अंडं सोलल्यासारखं समाधान पसरत होतं.

"हो," बिरागो म्हणाली. "ठाऊक होतं. याचं नाक कापायचं होतं म्हणून अर्धंच सांगितलं. याचं सगळ्यांसमोर हसं व्हावं असं वाटत होतं. अजून वाटतं. पण नानांच्या काठ्या जाव्यात असं मला वाटलं नव्हतं, आणि गेल्या तेव्हा मी इथेच उभी होते आणि गप्प बसले."

ड्वोमो राजाकडे वाकला. राजा बराच वेळ हळू बोलत होता. मग ड्वोमो सरळ झाला आणि म्हणाला, "एक खोटं बोलला, एकीने खरं लपवलं. पूर्वजाला नदीत दोघांनी मिळून सोडलं. दोघांनी एकेक मेंढी आणायची. काठ्या पेप्राला परत."

"माझी हरकत नाही," बिरागो म्हणाली. "फक्त त्याची आधी कापा."

अंगण हसलं. ड्वोमोनेही मिशीत हसून घेतलं. आणि खरंच, त्याची आधी कापली.

सणाच्या आदल्या दिवशी बिरागो हाम्बुर्ग ट्रकमध्ये घालून अब्रेमासोला घेऊन आली. बारा माणसांनी ते अंगणाच्या कडेला उतरवलं. सोळा माइक तिने स्वतः पुसले होते. वेगळ्या खोल्या नाहीत, हेडफोन नाहीत. बाप बसवायचा तसं सगळ्यांना एका अंगणात अर्धगोल बसवायचं, असं तिने ठरवलं होतं. ती पहिली वायर जोडायला वाकली तेव्हा पेप्रा काठ्या घेऊन तिच्याजवळ आला.

"ते राहू दे."

"नाना?"

"वाजवतो. पण ह्या यंत्रात नाही, त्याच्याही नाही. तुम्ही दोघांनी एकमेकांवर सूड उगवायला मला वापरलंत. उद्या मी नसेन तेव्हा ते रेकॉर्डिंग कोणाचं, यावरून परत भांडाल. ज्याला ऐकायचंय त्याने आत्ता ऐकावं." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात प्रेमाचा होता. तिने वायर खाली ठेवली. "राजाला मी सांगितलंय. तो हो म्हणाला. बैस."

बसायला जागा उरली होती ती बेंपाशेजारी. ती बसली.

पेप्राने पहिल्या पूर्वजाला साखळीवरून उतरवलं. दुसऱ्याकडून जंगल तोडून घेतलं. तिसऱ्याला पाण्यात घातलं, गुडघाभर, छातीभर, गळाभर, आणि मग ढोलांनी असा जोर धरला की अंगणातली माणसं आपोआप उभी राहिली, आणि तो पूर्वज आपली सगळी माणसं घेऊन पलीकडच्या काठावर चढला. बायकांनी पांढरे रुमाल हवेत उडवले. एकोणीस वर्षांत आणि त्यानंतरही बिरागोने असं वाजवलेलं ऐकलं नव्हतं. तिचे कान एकेक गोष्ट टिपत होते, डावा ढोल जरा पुढे, तुताऱ्या भिंतीवरून परत येताहेत, त्या म्हातारीला माइक जरा लांब हवा होता. तिची बोटं मांडीवर, यंत्रावरच्या सरकत्या कळा वर-खाली करावीत तशी हलत होती. चार हातांवर हाम्बुर्ग ताडपत्रीखाली उभं होतं. फक्त वायरी जोडून त्याचा दिवा लावायचा होता.

चाळीस मिनिटं ती अशी बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

शेवटच्या नावाला तिने शेजारी बघितलं. बेंपा तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर तिला दिसलं की आपण काय गमावलं ते त्याला कळलंय, पहिल्यांदाच, आणि पुरतं. त्याच्यासाठी तिने दोन वर्षं हेच मागितलं होतं. ती चाळीस मिनिटं तिलाही तेवढीच मिळाली होती आणि कायमची तेवढीच गेली होती. पण त्याचा चेहरा बघून तिला बरं वाटलं, आणि ढोल थांबेपर्यंत तिने त्याच्यावरून नजर काढली नाही.